खालच्या शेतातली माती

अण्णा,

खालच्या शेतात जाऊन बसलेली आपली माती या उन्हाळ्यात परत आणली. हे ऐकून तुम्ही पहिलं काय विचारलं असतं ते मला ठाऊक आहे. "दिली? कामून दिली त्यांनी?" तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण हा प्रश्न काही घरातून गेला नाही. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर घातली की तो माझ्या तोंडावर येतो. शेजारीण वाटीभर खीर घेऊन आली की वाटी हातात घेता घेता मी तिच्या चेहऱ्याकडे बघते. आई माझ्याकडेच असते आता, लातूरला. ती म्हणते, "बापानं रान दिलं अन् त्याच्यासंगं संशयबी दिला. रान दुसऱ्याला बटईनं लावलंस, संशय मात्र घरी कसतीस." मी हसते, पण खीर आधी थोडीशीच चाखते.

तुम्हाला दोष देत नाही. मुखेडच्या मोंढ्यात धान्याची पोती तोलत जन्मभर मापाडी म्हणून उभ्या राहिलेल्या माणसानं दुसरं काय व्हायचं? मला तो काटा अजून दिसतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन येते. मोंढ्यात मिरचीचा खाट उठलेला आहे, पोती रचलेली आहेत, आणि तुमचा आवाज दुरूनच ऐकू येतो. पहिल्या मापाला तुम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणता. लाभ, दोन, तीन. मी काट्याच्या दांडीकडे डोळे लावून उभी राहते आणि तुम्ही न थांबता मला म्हणता, "काट्याकडं काय बघतीस? हाताकडं बघ." मग मला दिसतं, की पोतं सावरायला म्हणून पुढे झालेल्या माणसाचा गुडघा पोत्याला टेकलेला आहे. तुम्ही तो गुडघा बोटानं हलकेच बाजूला करता. त्या माणसाला राग येत नाही, तोही हसतो. तिथे तसंच चालायचं. असे गुडघे रोज बघणारा माणूस संध्याकाळी घरी आला की त्याला बायकोच्या पिठाच्या डब्यातही गुडघा दिसणार. मला लातूरला नोकरी लागली तेव्हा तुम्ही साडी नाही दिलीत, पेन नाही दिलंत, स्प्रिंगचा ताणकाटा दिलात. "तिथली माणसं गोड बोलत्यात," एवढंच म्हणालात. गॅसची टाकी मी अजून त्याला टांगूनच घेते. टाकी आणणारा माणूस मला बघितलं की सुस्कारा सोडतो.

पण मोंढ्यातला संशय मोंढ्यात ठेवायला हवा होता. तो तुम्ही रानात नेलात. आपलं रान वर, उतारावर, आणि त्याच्या खाली शेजारच्या तात्यांचं, मधे बांध. दर पावसाळ्यानंतर आपल्या रानातली माती कमी दिसायची आणि तात्यांच्या बांधाच्या आतल्या अंगाला काळीभोर माती भरलेली दिसायची. तुम्ही त्याचा हिशेब एकाच पद्धतीनं लावलात. माल इकडे घटला, तिकडे वाढला, म्हणजे कोणीतरी नेला. मग तुम्ही लोखंडी सळई आणलीत, रानाच्या खालच्या टोकाला ठोकलीत आणि मातीच्या पातळीवर तिला तांबड्या ऑइल पेंटचा पट्टा ओढलात. पुढच्या दिवाळीत पट्ट्याखाली बोटभर नुसतं लोखंड उघडं पडलं होतं. तुमचा चेहरा मला आठवतो. वाईट वाटण्यापेक्षा तुम्हाला समाधानच जास्त झालं होतं. चोर सापडला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रविवारी तुम्ही मला घेऊन बाभळीखाली बसायचात. तुमची काळी छत्री, एक मडकं, आणि मी. "कुणी घमेलं घेऊन बांधाकडं आलं तर हाक मार," म्हणून तुम्ही जरा आडवे व्हायचात, पण झोपायचा नाहीत. कोणी आलं नाही. एकदा तात्यांची म्हैस आली, तेवढीच. संध्याकाळी परत जाताना मी म्हटलं, "अण्णा, आज कुणीच आलं नाही." तुम्ही म्हणालात, "आपून बसलेलं दिसलं की कशाला येतील?" मला तेव्हा ते अगदी पटलं होतं. लहान मुलीला बाप हुशारच वाटतो.

आणि मग तो दिवस. नांगरट व्हायची होती, तुम्ही बांधावर उभे होता, तात्या खालून वर आले. धोतराचा सोगा हातात, कपाळावर घाम. ते म्हणाले, "मापाडी, उताराला आडवं नांगरा ना जरा. तुम्ही नांगराचे उभे तास काढता, वरून खाली, पाणी त्याच तासानं पळतंय अन् माती घेऊन येतंय आमच्याकडं." तुम्ही "हाव, हाव" म्हणालात, तंबाखू दिलीत. पण घरी आल्यावर चुलीपुढे बसून भाकरी मोडता मोडता तुमचं सुरू झालं. "त्याला कामून माझ्या रानाची काळजी?" आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "असंल चांगुलपणानं सांगितलं." तुम्ही म्हणालात, "चांगुलपणा काट्यावर ठिवून बघितलाय मी. भरत न्हाई." मग ताटात बोटानं रेघा ओढून तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत, की आडवं नांगरलं तर पाणी आपल्या रानात तुंबेल, आपली तूर पिवळी पडेल आणि तात्यांचं रान मात्र न तुंबता मजेत पिकेल. त्यांचा फायदा सापडला आणि तुमचं जेवण नीट झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गड्याला बजावलंत, की तास उताराला सरळ पडला पाहिजे, दोरी लावल्यासारखा. त्यानंतर तात्यांशी बोलणं तुटलं. त्यांच्या पोराच्या लग्नाची पत्रिका तुम्ही उंबऱ्यावरूनच परत केलीत.

मी भूगोल शिकवते, अण्णा. उतारावर आडवी नांगरट करावी, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, खाली रेघ मारते आणि परीक्षेला येईल म्हणून मुलांना दमही देते. पण आपलं रान भूगोलात येतं हे मला कधी सुचलं नाही. आपल्या घरात ते रान पोलीस खात्याकडे होतं. तुमच्यानंतर बटईनं करणाऱ्यानं बैल विकले, ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरवाल्याला तर लांबच लांब उभे तासच हवे असतात, वळायला कमी लागतं. सळई दरवर्षी उंच होत गेली. लहानपणी तो पट्टा मी वाकून बघायची, गेल्या वर्षी तो माझ्या गुडघ्याला लागला.

पाऊस आता तुमच्या वेळचा राहिला नाही. झड लागत नाही. आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही आणि मग महिन्याचा पाऊस एका दुपारी ओतून मोकळा होतो. जाड काळ्या मातीला हे सोसतं. ती पिऊन ठेवते आणि उघडीप पडली की पिकाला पुरवते. आपल्या रानात पुरवायला काही उरलंच नव्हतं. रब्बीची ज्वारी तर नुसत्या ओलीवर येते, आणि ओल धरायला माती लागते. म्हणून ज्वारी कधीच बंद झाली. आपल्याच रानातल्या ज्वारीवर वर्ष काढणारे आपण, आता पीठ पुड्यात आणतो. आई ते चिमटीत धरून हुंगते आणि म्हणते, "ह्याच्यात काय काय हाय कुणास ठाऊक." सोयाबीन तेवढं यायचं, तेही घोट्याएवढं. शेवटी गेल्या दिवाळीला बटईवाला घरी आला, चहा न पिताच म्हणाला, "ताई, वरलं रान मला आता जमत न्हाई. खाली मुरूम लागून राहिलाय. बी टाकावं अन् उन्हात वाळवावं, एवढंच हाय." म्हणजे एकतर रान पडीक टाकायचं, नाहीतर विकायचं. आई रात्री ताटावर बसली आणि अर्ध्या भाकरीवरच उठली.

त्याच महिन्यात फोन आला. तात्यांची सून. तात्या नाहीत आता, त्यांचा पोरगाही गेला, ती एकटी शेत बघते. जिच्या लग्नाची पत्रिका तुम्ही परत केली होती, तीच. मी तिला वहिनी म्हणते. "ताई, मातीचं बोलायचं हाय, एकदा या," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्याबरोबर मी जुळवून टाकलं. बटईवाला फितला आहे, दोघांनी मिळून रान सोडायला लावायचं आणि मग स्वस्तात घ्यायचं ठरवलं आहे. जांबला गाडी बदलून मुखेडला जाईपर्यंत मी त्यांचा पूर्ण कट मनात उभा केला होता. तुम्ही शाबासकी दिली असती.

वहिनी बांधावरच उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात खुरपं. त्यांनी मला त्यांच्या रानाचा वरचा कोपरा दाखवला. माती इतकी भरली होती, की बांध त्यात बुडून गेला होता. त्या म्हणाल्या, "ही तुमची माती हाय. घेऊन जा."

मी म्हटलं, "का देताय?"

"माझाबी फायदा हाय, खोटं कशाला बोलू? बांध बुडाला, पाणी आता वरून उडी मारून येतंय. अन् तुमच्या रानात माती संपली ताई. आता गोटे येऊन राहिलेत माझ्या पिकात." मग खुरप्याला लागलेली माती बोटानं काढत म्हणाल्या, "पण एक करा. नेल्यावर आडवं नांगरा, मधी एक बांध घाला, कोपऱ्यातून पाण्याला वाट ठिवा. न्हाईतर दोन वर्षांत ही परत माझ्याच दारात."

अण्णा, तुम्ही आयुष्यभर समोरच्याचा फायदा हुडकत राहिलात. या बाईनं तो पहिल्याच वाक्यात हातावर ठेवला. तरी मी विचारलंच, "लिहून द्याल का?" त्या हसल्या. "माती काय लिहून देत्यात व्हय?" मग म्हणाल्या, "मामंजी सांगायचे, मापाडी मला मातीचोर म्हणतंय अन् त्याची माती तर पाणीच चोरतंय. लई हसायचे. हसून झालं की मग गप बसायचे." त्या वेळी काही म्हणायला हवं होतं. मी गाडीची वेळ झाली म्हटलं.

एवढ्यावर विश्वास ठेवणारी मी नाही. फुकटची माती खारवट असेल, पाणी न जिरणारी चोपण असेल, हरळीच्या चिवट मुळ्यांनी भरलेली असेल, म्हणून मी दोन्ही रानांतली माती पिशवीत घालून तपासायला दिली. त्यांची माती चांगली निघाली, आपल्या रानात सेंद्रिय कर्ब नावालाच. मग मला तपासणाऱ्यांचा संशय आला. कृषी खात्यातली एक तरुण मुलगी रान बघायला आली, तिनं मला हा कर्ब समजावून सांगितला. पालापाचोळा, शेण, मुळं कुजून मातीत जे राहतं ते, त्याच्यावरच माती पाणी धरते. तो कर्ब तोच, जो हवेत वाढला म्हणून पाऊस बिघडला असं मी वर्गात शिकवते. हवेत जास्त आणि रानात कमी. तुम्ही लगेच म्हणाला असता, म्हणजे मधल्यामधे कुणीतरी खाल्लं. या वेळी तुमचं बरोबर होतं. फक्त खाणारे आपणच होतो. शेणखत बंद केलं, सोयाबीनचं काड दरवर्षी पेटवून दिलं, आणि उरलं ते उभ्या तासांनी खाली पाठवलं.

मे महिन्यात जेसीबी लावला. मी शाळेला सुट्टी लागताच जाऊन राहिले होते आणि तुमच्याच बाभळीखाली, जवळजवळ तुमच्याच छत्रीसारखी छत्री घेऊन उभी होते. पहिली ट्रॉली आपल्या रानात ओतली गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "लाभ." वहिनींनी ऐकलं. "मापाड्याची लेक शोभतीस," म्हणाल्या. मी दोन म्हटलं, तीन म्हटलं. मग मला वाटलं, की जेसीबीवाला जरा जास्तच खोल जातोय, वरची चांगली माती ठेवून खालची वाईट आपल्या गळ्यात मारतोय. मी तरातरा खाली गेले आणि खोदलेल्या भिंतीशी वाकून बघायला लागले.

भिंतीत पापुद्रे होते. काळ्या गाळाचा एक, त्यावर बारीक रेतीचा, पुन्हा काळा, पुन्हा रेतीचा, वरपासून खालपर्यंत. घमेल्यानं आणून ओतलेली माती अशी कधीच बसत नाही, अण्णा. ती ढिगानं पडते, ढेकळावर ढेकूळ चढतं. असे थर फक्त पाणी लावतं, एकेका मोठ्या पावसाला एक. ही आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल. ती आपल्याच बांधाच्या खाली होती, आणि तिच्यात तुमच्या पहाऱ्याचं एकेक वर्ष नीट रचून ठेवलेलं होतं. मी तिथेच खाली बसले. मला तुमचा फार राग आला. आणि राग पुरता यायच्या आत तुम्ही दिसलात, बाभळीखाली, छत्री धरून, डोळे बारीक करून. इतकं ऊन, इतके रविवार, आणि न झालेल्या चोरीवर पहारा. मला रडू आलं. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, काय झालं ते विचारलं नाही. पुढच्या ट्रॉल्या मोजायच्या राहूनच गेल्या.

माती पसरली, शेणखत टाकलं, मधे बांध घातला, कोपऱ्यात दगड लावून पाण्याला वाट ठेवली. ट्रॅक्टरवाला आडवं नांगरायला कुरकुरला, तर मी त्याच्यासमोर उभी राहिले. सळईपाशी मुद्दाम माती लोटून घेतली, पट्टा पुरता झाकेपर्यंत. मग गणपतीच्या दिवसांत तो पाऊस आला. मुखेडकडे नाले फुटले, रस्ते बंद झाले, फोन लागेनात. आई दारात बसून होती. गाड्या सुरू झाल्याबरोबर मी गेले. रान जागेवर होतं. पट्टा दिसत नव्हता. उलट सळईपाशी माती जरा चढलेलीच वाटत होती.

आणि तुमच्या लेकीला आनंद व्हायच्या आधी वाटलं, ही चढली कशी? कोणीतरी येऊन लोटली तर नसेल? मला बरं वाटावं म्हणून, किंवा आणखी कशासाठी. मी इकडेतिकडे बघितलं, सळईपाशी उकिडवी बसले आणि नखानं माती उकरली. खालून वहिनींचा आवाज आला, "काय हुडकून राहिलात ताई?" मी म्हटलं, "काही नाही, सळई बघते." नखाखाली पापुद्रे होते. पातळ, ओले, काळे. पाण्यानंच लावलेले, पण या वेळी आपल्या रानात.

ज्वारी पेरली आहे. वीतभर वर आली आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "भाकरी तव्यावर पडू दे, मग बोलू." पण त्या दिवशी तिनं पिठाचा पुडा हुंगला नाही.

आता राहिलं ते एवढंच. चोरी झालीच नव्हती, तात्या खरं सांगत होते, तुम्ही चुकलात, हे मला तुम्हाला इथे लिहिता येतं. वहिनींना अजून सांगितलेलं नाही. बांधावर दोनदा जिभेवर आलं होतं आणि दोन्ही वेळा वाटलं, की समोरच्या माणसाजवळ बापाला कमी तोलते आहे. त्या वाट बघत असतील असं वाटतं, किंवा नसतीलही. हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, आणि ज्या घरी खरं म्हणजे ते जायला हवं तिथे मी पाठवणार नाही, निदान या वर्षी तरी. पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा सळई बघेन, मग ठरवीन.